दूरच्या खेड्याकडे वळलेला झोत : डॉ. विक्रम साराभाई

घराच्या गच्चीवर, चाळीच्या कठड्याला किंवा शेतातील वस्तीच्या पत्र्यावर लहानशी डिश दिसत नाही असे गाव आज क्वचितच सापडेल. डिश बसविणारा कारागीर तिला केसभर डावीकडे, केसभर वर असे सरकवीत राहतो आणि एका क्षणी घरातून चित्र आल्याचा पुकारा होतो. कोठे कोठे एकाच डिशसमोर दोन डब्या शेजारी-शेजारी बसविलेल्या दिसतात. त्यांपैकी एक डबी डिशच्या बरोबर केंद्राशी असते आणि दुसरी किंचित बाजूला. ही बाजूची डबी आकाशातील दुसऱ्याच उपग्रहाचे कार्यक्रम घेत असते. केंद्रापासून बोटभर बाजूला झाल्याने दृष्टीची दिशा बदलते, हे साधे दिसणारे सत्य भारताच्या उपग्रह-दळणवळणाच्या मुळाशी आहे. हे सत्य जाणणारी माणसे या देशात घडावीत म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते डॉ. विक्रम अंबालाल साराभाई एका जैन कापड-गिरणीमालकाच्या घरात जन्मले होते. समाजातील तरुण पिढीला त्यांचे नाव ठाऊक असते. त्यांच्या कार्याचा गाभा मात्र फारसा सांगितला जात नाही.

घराणे आणि संस्कार

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक आणि अहमदाबादच्या गिरणी-उद्योगातील अग्रणी. आई सरलादेवी. आठ भावंडांच्या या कुटुंबासाठी आईवडिलांनी 'रिट्रीट' या आपल्या विस्तीर्ण वास्तूतच शाळा चालविली होती. माँटेसरी पद्धतीने शिक्षण देणाऱ्या या शाळेत विज्ञान, भाषा, संगीत, बागकाम आणि हस्तकला यांना सारखेच स्थान होते. मुलांसाठी एक छोटी कार्यशाळाही होती आणि विक्रमचा बराचसा वेळ तेथेच जाई.

या घराण्याची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. विक्रमभाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९१८ मध्ये, अहमदाबादच्या गिरणी-कामगारांचा प्रसिद्ध संप झाला. मालकांच्या बाजूने अंबालाल उभे होते आणि महात्मा गांधींच्या बरोबरीने कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. मतभेद एवढा तीव्र, तरीही बहीण-भावाचे नाते तुटले नाही. त्यापूर्वी गांधीजींचा आश्रम आर्थिक अडचणीत सापडला असता त्याला गुप्तपणे मदत पोचविणारेही अंबालालच होते. एकच सत्य निरनिराळ्या बाजूंनी निरनिराळे दिसते, ही अनेकान्ताची शिकवण विक्रमभाईंनी पोथीत वाचण्याआधी घरातच पाहिली असे म्हणावे लागेल. केंद्रस्थानी उभे राहून जे दिसते त्याहून वेगळे काही बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसते, आणि त्याचेही मोल असते, हा धडा त्यांना जन्मभर पुरला.

दिशेचा पहिला शोध

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिक्षण घेऊन विक्रमभाई इंग्लंडला गेले आणि १९४० मध्ये त्यांनी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून निसर्गविज्ञानाची पदवी मिळविली. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली ते विश्वकिरणांच्या संशोधनात रमले. त्याच संस्थेत त्या काळी डॉ. होमी भाभाही होते. याच वर्षांत, १९४२ मध्ये, विख्यात नर्तिका मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विश्वकिरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर अखंड येणारे अतिवेगवान कण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते किती येतात हे मोजणे एक वेळ सोपे. ते कोणत्या दिशेने आले हे ठरविणे अवघड. त्यासाठी कणांची नोंद करणाऱ्या नळ्या एका रेषेत, एकामागे एक ठेवीत. एकाच क्षणी सर्व नळ्यांतून गेलेला कण तेवढाच मोजायचा. म्हणजे तो त्या रेषेतूनच आला असला पाहिजे. पण एवढ्याने काम संपत नसे. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे या कणांचा मार्ग वाकतो. जमिनीवर जी दिशा दिसते ती अंतराळातील मूळ दिशा नव्हे. दिसलेल्या दिशेत चुंबकत्वाचा हिशेब मिळवावा, तेव्हा कोठे खऱ्या दिशेचा अदमास येतो. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी या किरणांत पडणारा सूक्ष्म फरक हा विक्रमभाईंच्या अभ्यासाचा जन्मभराचा विषय राहिला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि उष्ण कटिबंधातील विश्वकिरणांवरील प्रबंधासाठी १९४७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मायदेशी परतताच, ११ नोव्हेंबर १९४७ रोजी, त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. संस्थेला स्वतःची इमारत नव्हती. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या एम. जी. सायन्स कॉलेजातील खोल्यांत तिचा संसार थाटला गेला. ही सोसायटी उभी करणाऱ्यांत शेठ कस्तुरभाई लालभाई होते, तसेच अहमदाबादेत वाढून पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले मराठीभाषक गणेश वासुदेव मावळणकरही होते. हवामानशास्त्रातील ज्येष्ठ विद्वान डॉ. के. आर. रामनाथन यांना प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद देण्यात आले. आपण काढलेल्या संस्थेच्या प्रमुखपदी स्वतःहून ज्येष्ठ आणि अनुभवी माणसाला बसविणे, ही विक्रमभाईंची रीत होती.

कापडाच्या पेढीतून प्रयोगशाळेकडे

त्याच १९४७ साली अहमदाबादच्या कापड-उद्योगासाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था जन्मास आली आणि तिची धुरा विक्रमभाईंकडे आली. १९५६ पर्यंत ते तिचे मानद संचालक होते. त्या काळी गिरण्यांतील बहुतेक निर्णय जुन्या मास्तरांच्या हातगुणावर आणि अंदाजावर होत. सूत किती ओढले म्हणजे तुटेल, कापड पहिल्या धुण्यात किती आटेल, हे अनुभवी बोटांना कळे. पण ते कागदावर मांडलेले नसे. विक्रमभाईंना वस्त्रतंत्राचे शिक्षण नव्हते. त्यांनी निरनिराळ्या विद्याशाखांतील तरुण गोळा केले आणि अंदाजाच्या जागी मोजमाप आणले. अंदाज वाईट असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. अंदाज किती चुकतो, कोणत्या बाजूला चुकतो आणि का चुकतो, हे कळले म्हणजे तोच अंदाज शास्त्र होतो, अशी त्यांची दृष्टी होती. कापडाच्या व्यवसायातील प्रत्येकाला हे चटकन पटेल. आट धरून कापड मोजणारा शिंपी कधी फसत नाही. आट न धरणाऱ्याचा सदरा पहिल्या धुण्यातच तोकडा होतो.

पुढे त्यांनी बडोद्याच्या साराभाई केमिकल्सचा कारभार पाहिला, मृणालिनीबेन यांच्या समवेत १९४९ मध्ये 'दर्पण' ही नृत्य-नाट्य संस्था काढली आणि १९६१ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला. वडिलोपार्जित गिरणीच्या गादीवर बसणे त्यांना सहज शक्य होते. उद्योगाशी नाते न तोडता ते त्या गादीपासून थोडे बाजूला राहिले आणि त्या बाजूच्या जागेवरून त्यांनी अनेक नव्या वाटा उजळल्या.

थुंबा ते अहमदाबाद

डॉ. भाभांच्या पाठिंब्याने १९६२ मध्ये भारतीय राष्ट्रीय अंतराळ संशोधन समिती स्थापन झाली आणि विक्रमभाई तिचे अध्यक्ष झाले. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळचे, त्रिवेंद्रमनजीकचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव अग्निबाणांसाठी निवडण्यात आले. जागेच्या शोधात विक्रमभाईंचे सहकारी, कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांचा मोठा वाटा होता. तेथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चची वास्तू बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी समाजाच्या संमतीने विज्ञानासाठी दिली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. पुण्याचे प्रमोद काळे, तसेच पुढे इंग्लंडहून परतलेले वसंत गोवारीकर हे मराठी शास्त्रज्ञही या कार्यात सामील झाले.

२४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. भाभांचे विमान-अपघातात निधन झाले आणि त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद विक्रमभाईंच्या खांद्यावर आले. दोन्ही ओझी वाहतानाच त्यांच्या मनात एक वेगळाच विचार पक्का होत होता. देशात लाखो खेडी होती. रस्ता नाही, वीज नाही, शिक्षक नाही, डॉक्टर नाही. शहरापासून मनोरे उभे करीत दूरचित्रवाणी खेड्यापर्यंत न्यायची तर कित्येक दशके लागली असती आणि शेवटचे खेडे शेवटीच राहिले असते. उपग्रहाला मात्र जवळचे-लांबचे असा भेद नाही. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून दिल्ली आणि बस्तर त्याला सारखेच. गरीब देशाने हा खर्च करावा का, असा आक्षेप तेव्हा अनेकांनी घेतला. विक्रमभाईंचे मत उलट होते. ज्याच्याकडे बाकी साधने कमी, त्यालाच या साधनाची गरज अधिक, असे ते मानीत.

पण उपग्रहाशी बोलायचे तर जमिनीवर मोठी डिश हवी आणि ती हाताळणारी माणसे हवीत. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९६७ मध्ये अहमदाबादेत प्रायोगिक उपग्रह-दळणवळण भू-केंद्र सुरू झाले. त्याची डिश १४ मीटर व्यासाची होती. भारतातील आणि इतर विकसनशील देशांतील अभियंत्यांची ती पाठशाळाच ठरली.

डिशचे गणित

या पाठशाळेत शिकायचे काय होते, ते थोडे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण विक्रमभाईंच्या स्वप्नाचे यश त्यावरच अवलंबून होते.

डिश म्हणजे रेडिओ-लहरींचा आरसा. विजेरीच्या दिव्यामागील चकचकीत वाटीचा जो आकार, तोच तिचा. गणितात त्याला अन्वस्त म्हणतात. या आरशासमोर एक खास बिंदू असतो, त्याला नाभी म्हणतात. नाभीपाशी बसविलेल्या ज्या तोंडातून लहरी सोडल्या किंवा गोळा केल्या जातात, त्याला फीड म्हणतात. फीड बरोबर नाभीत असले की लहरींचा झोत डिशच्या नाकासमोर सरळ जातो. मात्र हा झोत फार अरुंद असतो. घरच्या डिशचा झोत साधारण तीन अंशांचा. १४ मीटरच्या डिशचा, चार गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी, अर्ध्या अंशाहूनही कमी, म्हणजे आकाशातील पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही लहान. डिश चंद्राच्या रुंदीएवढी जरी चुकली तरी उपग्रह हरवतो.

आता फीड नाभीपासून उजवीकडे सरकले तर? विजेरीतील दिवा उजवीकडे सरकला की उजेड डावीकडे पडतो. तसाच डिशचा झोतही विरुद्ध बाजूला वळतो. किती वळतो, हा खरा प्रश्न. समजा, उपग्रहावर ९ मीटर व्यासाची डिश आहे, तिची नाभी ४ मीटरवर आहे आणि फीड ७ सेंटिमीटर बाजूला सरकले आहे. चार मीटरच्या अंतरावर सात सेंटिमीटरचा कोन जवळजवळ १ अंश होतो. वरवरचा हिशेब सांगेल, झोतही १ अंश वळेल. प्रत्यक्षात तो सुमारे ०.८५ अंशच वळतो.

याचे कारण डिशच्या आकारात आहे. डिशचा मध्य फीडला जवळ असतो, काठ लांब. फीड सरकल्याचा परिणाम मध्यभागावर पूर्ण होतो, काठाकडे जाता जाता तो कमी होतो; आणि झोताची दिशा साऱ्या डिशच्या एकत्रित मताने ठरते. डिश जितकी खोलगट तितकी ही तूट मोठी, जितकी उथळ तितकी लहान. अमेरिकेत वाय. टी. लो यांनी १९६० मध्ये आणि जॉन रूझ यांनी १९६५ मध्ये या तुटीचे गणित व्यवस्थित मांडले. कापडाच्या भाषेत सांगायचे तर ही झोताची आट आहे. ती आधी मोजून ठेवली नाही तर काय होते? छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून सरळ खाली पाहणाऱ्या उपग्रहाचा झोत १ अंश वळला तर जमिनीवर सुमारे ६२५ किलोमीटर सरकतो, ०.८५ अंश वळला तर सुमारे ५३०. दोहोंतील अंतर नव्वदहून अधिक किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत जवळजवळ पुण्यापासून साताऱ्यापर्यंतचे. हिशेबातील लहानशी चूक एखाद्या जिल्ह्याला झोताच्या बाहेर ठेवू शकते.

बाजूला सरकण्याची आणखी एक किंमत असते. झोत थोडा दुबळा होतो आणि धूमकेतूच्या शेपटीप्रमाणे त्याच्या एका बाजूला भरकटलेल्या लहरींचा फाटा फुटतो. जितके अधिक सरकावे तितकी ही हानी अधिक. म्हणून फीड किती सरकवायचे याची मर्यादा पाळावी लागते.

तरीही अभियंते मुद्दाम फीड सरकवितात, कारण त्यात लाभही मोठा आहे. नाभीभोवती चार दिशांना चार फीड ठेवले आणि त्यांच्यात येणारे संकेत ताडून पाहिले की उपग्रह कोणत्या बाजूला ढळला आहे ते कळते आणि डिश आपोआप त्याच्या मागे वळविता येते. एका डिशसमोर अनेक फीड मांडले की एकाच आरशातून अनेक झोत निघतात आणि प्रत्येक झोत वेगळ्या प्रदेशावर पडतो. केंद्रातील एक फीड एकाच ठिकाणी प्रकाश टाकू शकते. बाजूची फीडे, आपली तूट सोसून, बाकीच्या ठिकाणी तो पोचवितात.

हे गणित विक्रमभाईंनी शोधले नाही. त्यांचे श्रेय वेगळे आहे. असे गणित करणारी, डिशवर चढून फीड बसविणारी आणि चुकले तर रात्रभर जागून दुरुस्त करणारी भारतीय माणसे तयार व्हावीत, हा आग्रह त्यांचा होता.

आर्वीची परीक्षा

या आग्रहाची पहिली मोठी परीक्षा महाराष्ट्राच्या भूमीवर झाली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे परदेशांशी दळणवळण करणारे भू-केंद्र उभारायचे ठरले. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहामार्फत भारताचे दूरध्वनी आणि तारसंदेश जगाशी जोडले जाणार होते. असे केंद्र संपूर्णपणे परदेशी कंपनीकडून बांधून घेणे ही तेव्हाची रूढ वाट होती. विक्रमभाईंनी दुसरी वाट धरली. अहमदाबादच्या केंद्रात हात बसलेल्या भारतीय अभियंत्यांवर भरवसा ठेवावा, असे त्यांनी शासनाला पटविले आणि उभारणीचे काम अणुऊर्जा खात्याकडे घेतले.

काम जोखमीचे होते. जवळजवळ ३० मीटर व्यासाच्या त्या डिशचा झोत अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही अरुंद. एवढी अजस्र डिश वाऱ्याने थरथरते, उन्हाने प्रसरण पावते आणि तिरकी झाली की स्वतःच्याच वजनाने किंचित झुकते. नाभी दहा मीटरवर असलेल्या डिशमध्ये फीड एक सेंटिमीटर जरी ढळले, तरी झोत आपल्या रुंदीच्या पाव हिश्श्याहून अधिक सरकतो. कोणी फीड हलविले नसतानाही ते हलते, आणि त्या न दिसणाऱ्या हालचालीचा अदमास आधीच बांधावा लागतो. चूक झाली असती तर ती साऱ्या जगाला दिसली असती आणि भारतीय अभियंत्यांवर पुन्हा कोणी भरवसा टाकला नसता. १९७१ मध्ये आर्वीचे केंद्र कार्यान्वित झाले. पुढे त्याला विक्रमभाईंचेच नाव देण्यात आले. त्याच नारायणगाव परिसरात नंतर खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या डिशांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभारली.

अपुरे राहिलेले पाहणे

१८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताच्या अणुऊर्जा खात्याने अमेरिकेच्या नासा संस्थेशी एक करार केला. नासाचा एक उपग्रह एका वर्षासाठी भारताच्या खेड्यांना दूरचित्रवाणीसाठी मिळणार होता. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, स्थापन झाली होती. उपग्रह अमेरिकेचा, पण कार्यक्रम, भू-केंद्रे आणि खेड्यातील संच भारताचे, अशी वाटणी ठरली.

विक्रमभाईंना हा प्रयोग पाहता आला नाही. थुंब्याच्या भेटीवर असताना ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. अणुऊर्जा आणि अंतराळ या दोन्ही खात्यांचा भार, अखंड प्रवास आणि अपुरी झोप यांनी ते शरीर थकले होते. त्यांच्यामागे हे सारे कोलमडेल अशी भीती अनेकांना वाटली असेल तर नवल नाही.

ते कोलमडले नाही. प्रा. सतीश धवन यांनी इस्रोची धुरा घेतली. चिटणीस यांनी खेड्यांच्या दूरचित्रवाणी प्रयोगाचे व्यवस्थापन सांभाळले. ३० मे १९७४ रोजी एटीएस-६ हा उपग्रह अंतराळात गेला. त्याची ९ मीटरची डिश घडी घालून नेली होती आणि तेथे छत्रीसारखी उलगडली. कापडाच्या व्यावसायिकांना कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे तिचा आरसा पत्र्याचा नव्हता. पॉलिएस्टरच्या धाग्याच्या जाळीवर तांब्याचा मुलामा चढवून तो बनविला होता आणि ४८ काड्यांवर ताणला होता. भारतावर पडणारा तिचा झोत पावणेतीन अंशांच्या आसपास होता.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत हा झोत उतरला. खेड्यातील डिश ३ मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या साध्या तारेच्या जाळीची होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शाळकरी मुलांसाठी विज्ञान असे कार्यक्रम त्यांच्या भाषेत दाखविले गेले. ज्या गावांनी रस्ता पाहिला नव्हता त्यांनी दूरचित्रवाणी पाहिली. वर्ष संपताच करारानुसार उपग्रह परत गेला आणि खेड्यांतील पडदे काळे झाले. परंतु हे आपण करू शकतो, हे सिद्ध झाले होते. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी या उपग्रहाने देशभराची सेवा सुरू केली. पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात उपग्रहांवरील डिश आणि फीड यांची रचना भारतीयच करू लागले. ५ डिसेंबर २०१८ रोजी गेलेल्या जीसॅट-११ या उपग्रहाचे ३२ वेगवेगळे झोत देशाच्या निरनिराळ्या भागांवर पडतात.

विक्रमभाईंना १९६२ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९६६ मध्ये पद्मभूषण आणि १९७२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे. २०१९ मध्ये त्यांच्या नावाचे 'विक्रम' यान चंद्रावर उतरताना नष्ट झाले. चूक शोधली गेली, हिशेब पुन्हा मांडला गेला आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरे 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सुखरूप उतरले. चूक मोजून तिचे शास्त्र करण्याची त्यांचीच रीत येथे फळास आली.

कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हे चरित्र मनन करण्यासारखे आहे. संस्थेच्या केंद्रस्थानी एखादाच माणूस असतो. बाकीचे सारे थोडे थोडे बाजूला उभे असतात, त्यांचा प्रकाश थोडा उणा पडतो. पण केंद्राचा झोत जेथे पोचत नाही तेथे तो पोचतो. अशा बाजूच्या माणसांची तूट मोजून घ्यावी, तिच्यासह त्यांच्यावर भरवसा टाकावा आणि त्यांना आपल्या जागी उभे राहू द्यावे, हे विक्रमभाईंनी करून दाखविले. म्हणूनच ते गेल्यावरही झोत विझला नाही. ज्या खेड्याकडे त्यांनी तो वळविला होता, तेथे तो पोचला.

अशा या थोर विज्ञानसाधकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.